‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे

२८ एप्रिल २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेने देशभर थैमान घातले होते. प्राणवायूची सोय असलेल्या खाटेसाठी नातेवाइकांची वणवण सुरू होती. त्याच दिवशी दुपारी चारच्या ठोक्याला अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाच्या लसीकरणाची नोंदणी ‘कोविन’ पोर्टलवर सुरू होणार, असे सरकारने आधीच जाहीर केले होते. लाखो तरुण मोबाइल हातात धरून घड्याळाकडे डोळे लावून बसले होते. चार वाजले आणि अनेकांच्या पडद्यावर काही उमटेचना. कुणाचे पान उघडेना, कुणाला ओटीपी येईना, कुणाला आला तो मुदत संपल्यावर. थोड्याच वेळात ‘किरकोळ अडचण होती, ती दूर झाली’ असा खुलासा झाला. पुढे आरोग्य मंत्रालयाने आकडे दिले. सुरुवातीच्या काळात मिनिटाला सुमारे २७ लाख विनंत्या पोर्टलवर आदळत होत्या आणि पहिल्या तीन तासांत ८० लाखांच्या आसपास लोकांची नोंदणी झाली. हे आकडे खरे आणि कौतुकास्पदही आहेत. पण ज्याला त्या दिवशी रात्रीपर्यंत ओटीपीच मिळाला नाही, त्याचा अनुभवही तितकाच खरा.

तेव्हापासून ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य मराठी माणसाच्या अंगवळणी पडले आहे. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही, सर्व्हर डाऊन. दाखल्यासाठी सेवा केंद्रात गेले, सर्व्हर डाऊन. दहावीच्या निकालाच्या दिवशी, १६ जुलै २०२१ रोजी, दुपारी एक वाजता पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी आणि त्यांचे पालक एकाच वेळी निकालाच्या संकेतस्थळावर गेले आणि कित्येक तास ते पान उघडलेच नाही. पाऊस पडावा किंवा वीज जावी, तसा सर्व्हर ‘जातो’ अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत सोयीची असली तरी चुकीची आहे. वीज पडणे ही नैसर्गिक आपत्ती असेल, पण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या संख्येने येणारी गर्दी ही आपत्ती नसते. ती आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट असते. तिची तयारी का झाली नव्हती, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि जेव्हा लस, रुग्णालयाची वेळ किंवा उपचारांची मंजुरी त्या पोर्टलवर अवलंबून असते, तेव्हा तो केवळ संगणकाचा प्रश्न उरत नाही, सार्वजनिक आरोग्याचा होतो.

सर्व्हरचे नेमके काय होते, हे समजून घ्यायला सरकारी रुग्णालयातील केसपेपरची खिडकी डोळ्यांसमोर आणावी. खिडकीत एक कारकून आहे. एका रुग्णाचा केसपेपर काढायला त्याला सरासरी एक मिनिट लागते, म्हणजे तासाला साठ. तासाला तीस रुग्ण येत असतील, तर रांगेत उभे राहण्यासह प्रत्येकाचे सरासरी दोन मिनिटांत काम होते. रुग्ण ५४ झाले की हीच सरासरी दहा मिनिटांवर जाते. ५७ झाले की वीस मिनिटे. आणि ५९ झाले की तब्बल एक तास! शेवटचे दोनच रुग्ण वाढले, पण ताटकळणे तिपटीने वाढले. कारण रुग्ण घड्याळ लावून मिनिटाला एक असे येत नाहीत, कधी चौघे एकदम येतात तर कधी कुणीच येत नाही. प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही सारखा नसतो. क्षमतेच्या काठावर चालणाऱ्या व्यवस्थेला हे चढउतार सोसत नाहीत.

हे गणित नवे नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या वाहतुकीवर पहिला निबंध प्रसिद्ध केला. किती तारा आणि किती ऑपरेटर ठेवले म्हणजे ग्राहकाला फार ताटकळावे लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्यातून जे रांगांचे शास्त्र उभे राहिले, तेच आज वेब सर्व्हरला, टोलनाक्याला आणि रुग्णालयाच्या ओपीडीला लागू पडते. त्याचा पहिला धडा एकच. कुठलीही व्यवस्था शंभर टक्के भरून चालवायची नसते. जागा मोकळी ठेवणे ही उधळपट्टी नसून ती व्यवस्थेची प्राणरक्षक जागा असते. करोनाच्या काळात अतिदक्षता विभागातील शेवटच्या खाटेबाबत आपण हेच शिकलो.

सर्व्हरच्या रांगेत मात्र केसपेपरच्या रांगेपेक्षा एक भयंकर गोष्ट घडते. रुग्णालयात माणूस उभा राहतो, पुढे किती जण आहेत ते पाहतो आणि थांबतो. मोबाइलवर रांग दिसत नाही. पान फिरत राहते. दहा सेकंदांत धीर सुटतो आणि बोट ‘रिफ्रेश’वर जाते. म्हणजे माणूस रांग सोडून पुन्हा नव्याने रांगेत उभा राहतो, पण त्याची जुनी चिठ्ठी खिडकीतच राहते. कारकून निघून गेलेल्या माणसाचा केसपेपर इमानेइतबारे लिहीत बसतो. मग घरातील चार मोबाइल कामाला लागतात, शेजारच्या पोराचा लॅपटॉप येतो. एक गरज, विनंत्या वीस. सर्व्हर पूर्ण वेगाने राबत असतो, तरी कुणाचेच काम होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की तो बंद पडला आहे. प्रत्यक्षात तो निरुपयोगी कामात बुडालेला असतो.

इंटरनेटने हा प्रकार बाल्यावस्थेतच अनुभवला आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ या दोन ठिकाणांमधला संपर्क अचानक मंदावला. अंतर होते जेमतेम चारशे यार्ड. पण माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून चक्क ४० बिटांवर आला. कुठलीही तार तुटली नव्हती, कुठलेही यंत्र जळाले नव्हते. पोचपावती आली नाही म्हणून प्रत्येक संगणक तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि त्या पुनरावृत्तीनेच वाट बुजली होती. व्हॅन जेकबसन या संशोधकाने त्यावर जो उपाय सुचवला, तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सार आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पटेल असे आहे. पुढे गर्दी दिसली की आपण होऊन मागे सरा, थोडे थांबा, आणि पुन्हा जाताना हळूहळू जा. आजही जगभरातील माहितीची वाहतूक या सौजन्यावरच चालते.

चांगल्या रीतीने बांधलेले ॲप हेच करते. पहिला प्रयत्न फसला तर एक सेकंद थांबते, दुसरा फसला तर दोन, मग चार, मग आठ. शिवाय त्यात थोडा अनिश्चितपणाही मिसळलेला असतो, नाही तर लाखो मोबाइल बरोबर आठव्या सेकंदाला पुन्हा एकदम धडकतील. वाईट रीतीने बांधलेले ॲप मात्र दर सेकंदाला दार ठोठावत राहते. म्हणजे सर्व्हर वाचवण्याची सुरुवात सर्व्हरमध्ये होत नाही, ती नागरिकाच्या हातातील ॲपपासून होते.

‘मग सर्व्हर वाढवा की,’ हे उत्तर सर्वांनाच सुचते. सरकारी खुलाशांतही ‘क्षमता वाढवण्यात येत आहे’ हे वाक्य हमखास असते. क्षमता वाढवायला हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. भाड्याने मिळणाऱ्या क्लाउडवर जादा सर्व्हर आपोआप सुरू करता येतात हे खरे, मात्र ते सुरू होऊन कामाला लागायला वेळ जातो. चारच्या ठोक्याला येणारी लाट तेवढे थांबत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खिडक्या दहाच्या शंभर केल्या तरी आतले रजिस्टर एकच असते. अमुक केंद्रावर अमुक वेळेला किती मात्रा शिल्लक आहेत, ही नोंद एकाच ठिकाणी आणि अचूक ठेवावी लागते, नाही तर एकच मात्रा दोघांना दिली जाईल. शंभर खिडक्यांतले कारकून त्या एका रजिस्टरभोवती गर्दी करतात आणि मग खोळंबा आत होतो.

म्हणून अनुभवी अभियंते आधी वेगळा प्रश्न विचारतात. प्रत्येकाला रजिस्टरपर्यंत जाण्याची गरज आहे का? बहुतेकांना फक्त माहिती हवी असते. शिबिर कुठे आहे, वेळ काय, कागदपत्रे कोणती. ही माहिती फळ्यावर लिहून दाराबाहेर लावता येते. संगणकाच्या भाषेत याला ‘कॅशे’ म्हणतात. एकदा तयार केलेल्या पानाची प्रत जवळ ठेवायची आणि विचारणाऱ्याला तीच द्यायची. त्याला ना रजिस्टर उघडावे लागते ना हिशेब करावा लागतो. जी पाने सर्वांना सारखी दिसतात, ती अशी बाहेर काढली की आतला भार झपाट्याने उतरतो. पान हलके असणेही तितकेच मोलाचे. मंत्र्यांची मोठमोठी छायाचित्रे, सरकत्या जाहिराती आणि चलचित्रे यांनी भरलेले पान सर्व्हरलाही जड आणि तालुक्याच्या गावातील अशक्त नेटवर्कलाही जड. आपत्तीच्या काळात आरोग्याच्या पानावर काळी अक्षरे आणि पांढरी पार्श्वभूमी एवढे पुरते.

अमेरिकेने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तेथे आरोग्य विम्याचे ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. एकाच वेळी पन्नास-साठ हजार लोक येतील असा अंदाज होता, आले अडीच लाख. पहिल्या दिवशी विमा घेण्यात यशस्वी झालेल्यांची संख्या होती अवघी सहा! संकेतस्थळात दोष अनेक होते, पण एक निर्णय विशेष नडला. विम्याच्या योजना नुसत्या पाहायच्या असल्या तरी आधी खाते उघडण्याची सक्ती होती. दुकानातील भाव विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी कागदपत्रे दाखवायला लावावे, तसा हा प्रकार. सगळी गर्दी त्या एकाच अरुंद दारात कोंडली. उद्घाटनाच्या काही दिवस आधी केलेल्या चाचणीत काही शे लोकांच्या भारानेच व्यवस्था कोलमडली होती, तरीही तारीख पुढे ढकलली गेली नाही. नंतर तज्ज्ञांचे पथक बसले. खाते न उघडता योजना पाहण्याची सोय झाली, गर्दी झाल्यास प्रतीक्षा-कक्षात थांबवण्याची व्यवस्था झाली आणि दोन महिन्यांनी तेच संकेतस्थळ एकाच वेळी ५० हजार लोकांना पेलू लागले. यंत्रे बदलली, पण त्याहून अधिक बदलला तो कामाचा क्रम.

प्रतीक्षा-कक्ष ही साधी पण फार मोलाची युक्ती आहे. पेलवत नाही इतके लोक आले की त्यांना आत घेऊन गुदमरवण्यापेक्षा दाराशी थांबवायचे, टोकन द्यायचे आणि ‘तुमचा क्रमांक इतका, अंदाजे इतकी मिनिटे’ असे सांगायचे. रांग दिसली की माणूस शांत होतो, रिफ्रेश करत नाही. इंटरनेटच्या नियमांत यासाठी ठरावीक संकेतही आहेत. ५०३ म्हणजे ‘सध्या सेवा देता येत नाही’ आणि ४२९ म्हणजे ‘तुम्ही फार वेळा विचारत आहात’. सोबत ‘इतक्या सेकंदांनी पुन्हा या’ असेही कळवता येते. प्रामाणिक नकार हा खोट्या आशेपेक्षा बरा. फिरत राहणारे चक्र ही खोटी आशाच असते.

महाराष्ट्राला हे तत्त्व दुसऱ्या नावाने चांगले परिचित आहे, भारनियमन. विजेची मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की काही भागांची वीज काही काळ बंद ठेवतात, कारण तसे केले नाही तर सगळे जाळेच बसते. जुलै २०१२ च्या अखेरीस उत्तर भारतातील ग्रीड सलग दोन दिवस कोसळले, तेव्हा कोट्यवधी लोक अंधारात गेले होते. सर्व्हरलाही भारनियमन लागते. प्रश्न एवढाच की कुणाची वीज तोडायची आणि कुणाची ठेवायची. रुग्णालयाचा फीडर कुणी बंद करत नाही. तसेच आरोग्याच्या पोर्टलवर भार वाढला की आकडेवारीचे तक्ते, प्रमाणपत्र उतरवून घेणे, अभिप्राय नोंदवणे ही कामे काही तास बंद ठेवावीत, पण आज लस घ्यायला आलेल्याची नोंद आणि अपघात विभागातील रुग्णाची माहिती कधीही अडू नये. अपघात विभागात डॉक्टर ज्या क्रमाने रुग्ण पाहतात, तोच विवेक यंत्रातही आधीच लिहून ठेवावा लागतो. गर्दी झाल्यावर तो ठरवायला वेळ नसतो.

कोविनच्या बाबतीत यांतले अनेक उपाय पुढे योजले गेले आणि त्यांची गुंतागुंतही दिसली. लसींच्या उपलब्धतेची माहिती कुठल्याही प्रोग्रामला मिळावी म्हणून सरकारने एक खुली खिडकी ठेवली होती. अनेक तरुणांनी तिचा उपयोग करून ‘तुमच्या पिनकोडला जागा उपलब्ध’ असा निरोप देणारी साधने बनवली. हेतू चांगला, पण दर काही सेकंदांनी विचारणा करणारे असंख्य प्रोग्राम तयार झाले. मे २०२१ मध्ये सरकारने मर्यादा घातली. एका इंटरनेट पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच विचारणा, आणि मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकेल. सर्व्हरच्या दृष्टीने हे अगदी पुस्तकी आणि योग्य पाऊल. पण ज्या जागा मिनिटभरात संपत होत्या, त्यांची अर्ध्या तासापूर्वीची माहिती काय कामाची? शिळी प्रत निकालाच्या सूचनेसाठी चालते, सुटणाऱ्या गाडीच्या शेवटच्या जागेसाठी चालत नाही. पुढे यंत्रमानवांना अडवण्यासाठी ‘कॅप्चा’ आला. वेडीवाकडी अक्षरे ओळखा, मग आत या. त्याने यंत्रे किती अडली हा वादाचा मुद्दा, पण दृष्टिहीन आणि वृद्ध मात्र नक्की अडले. जूनपर्यंत पोर्टल मराठीतही नव्हते.

इथे तंत्रज्ञानाचा प्रश्न न्यायाच्या प्रश्नाला येऊन भिडतो. भार वाढला की सर्व्हर कुणाला आत घेतो? ज्याचे नेटवर्क वेगवान, ज्याचा हात सराईत, ज्याच्याकडे दोन-तीन उपकरणे, त्याला. मे २०२१ मध्ये मुंबई-ठाण्यातील मंडळी गाड्या करून पालघरच्या ग्रामीण केंद्रांवर लस घ्यायला जात होती, कारण तिथल्या जागा त्यांनी मोबाइलवरून पटकावल्या होत्या. त्याच गावातला आदिवासी तरुण केंद्राच्या दाराशी उभा राहून परत जात होता. यात लस घेणाऱ्याचा दोष नव्हता, त्यालाही जीव प्यारा होता. दोष व्यवस्थेचा. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हे तत्त्व ऐकायला निःपक्षपाती वाटते. पण येण्याची वाट एखाद्याला पक्की सडक आणि एखाद्याला चिखल असेल, तर ते निःपक्षपाती राहत नाही. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही नेमक्या या डिजिटल दरीकडे बोट दाखवले होते आणि केवळ पोर्टलवर विसंबून राहण्याबद्दल प्रश्न उपस्थित केला होता. अखेर २१ जूनपासून नव्या धोरणानुसार थेट केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मुभा सर्वांना मिळाली आणि पोर्टलवरचा ताणही ओसरला. सर्व्हरला सर्वांत मोठा दिलासा कुठल्याही अभियंत्याने नव्हे, त्या धोरणाने आणि वाढलेल्या पुरवठ्याने दिला.

हे विसरता कामा नये. सर्व्हरवरची बरीचशी गर्दी ही धोरणाने निर्माण केलेली असते. एकच तारीख, एकच वेळ, मर्यादित जागा आणि उद्या मिळेल याची खात्री नाही, या चार गोष्टी एकत्र आल्या की चेंगराचेंगरी अटळ, मग ती घाटावर असो वा पोर्टलवर. रेल्वेने २०१५ च्या जूनमध्ये तत्काळ आरक्षणाची वेळ विभागली. वातानुकूलित डब्यांसाठी दहा वाजता, बाकीच्यांसाठी अकरा वाजता. तेवढ्या एका बदलाने लाट दोन भागांत विभागली गेली आणि त्यासाठी एकही जादा सर्व्हर लागला नाही. लसीची नोंदणीही वयानुसार, जिल्ह्यानुसार किंवा जन्मतारखेच्या शेवटच्या अंकानुसार दहा दिवसांत वाटता आली असती. काही दिवस अर्ज स्वीकारून मग सोडत काढणे हा आणखी एक मार्ग. त्यात चारच्या ठोक्याला धावण्याचे कारणच उरत नाही. म्हाडाच्या घरांची सोडत मराठी माणसाला नवी नाही. तिथे अर्ज पहिल्या मिनिटाला भरला काय किंवा शेवटच्या आठवड्यात भरला काय, संधी सारखीच. ज्या वस्तूचा तुटवडा आहे तिच्या वाटपात वेगाला बक्षीस द्यायचे की नाही, हा प्रशासनाने विचारपूर्वक घ्यायचा निर्णय आहे. तो न घेता पोर्टल उघडले की निर्णय आपोआप नेटवर्कच्या वेगाच्या बाजूने होतो.

गर्दी नेहमी गरजवंतांचीच असते असेही नाही. काही वेळा ती मुद्दाम घडवली जाते. हजारो संगणकांवर गुपचूप ताबा मिळवून त्यांच्याकडून एकाच सर्व्हरवर विनंत्यांचा मारा करायचा, हा जुना डाव आहे. एप्रिल २०१४ मध्ये बोस्टन येथील मुलांच्या रुग्णालयावर असा हल्ला झाला, तेव्हा तेथील दैनंदिन कामकाजाला आणि देणग्या स्वीकारणाऱ्या पानाला त्याची झळ बसली. आरोपीला पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली. अलीकडे आणखी एक पाहुणा आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी जगभरातील पाने गोळा करत फिरणारे यांत्रिक वाचक. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की जानेवारी २०२४ पासून त्यांच्याकडील चित्रे-चलचित्रे उतरवून घेण्याचा भार ५० टक्क्यांनी वाढला आहे आणि ही वाढ माणसांमुळे नाही, प्रामुख्याने यंत्रांमुळे आहे. ‘कुठे जावे, कुठे जाऊ नये’ हे यंत्रांना सांगणारी पाटी संकेतस्थळांच्या दाराशी १९९४ पासून असते. पण पाटी पाळणे ऐच्छिक आहे. ज्यांना पाळायची नाही त्यांच्यासाठी रखवालदार हवाच. एका पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्यांना मर्यादा घालणे हा त्याचा साधा प्रकार. मात्र इथेही तारतम्य हवे. मोबाइल कंपनीच्या जाळ्यात हजारो ग्राहक बाहेरून एकाच पत्त्याचे दिसू शकतात. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या एका जोडणीवर सारे गाव असते. मर्यादा आंधळेपणाने घातली तर रखवालदार चोराऐवजी गावालाच अडवतो.

आता हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा झाला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. अनेक सरकारी रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीचे टोकन मिळते. म्हणजे केसपेपरची खिडकीच मोबाइलमध्ये आली. पहाटेपासून रांगेत बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे कष्ट त्यामुळे वाचत असतील तर ते स्वागतार्हच. पण खिडकी मोबाइलमध्ये गेली की तिची जबाबदारीही सोबत जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर सायबर हल्ल्याने ठप्प झाले, तेव्हा देशातील सर्वांत नामांकित रुग्णालयाला बरेच दिवस हाताने लिहून कारभार करावा लागला. तो प्रकार भाराचा नव्हता, हल्ल्याचा होता. पण धडा एकच. वही आणि पेन कपाटात तयार होते, आणि ते वापरता येणारी माणसे होती, म्हणून रुग्णसेवा चालू राहिली. जिथे ही सवय मोडली असेल, तिथे सर्व्हर गेला की दवाखानाही जातो.

मग करायचे काय? मागण्या अवाजवी नाहीत. आरोग्याशी संबंधित कुठलीही मोठी नोंदणी सुरू करण्यापूर्वी अपेक्षित गर्दीच्या काही पट भार टाकून चाचणी घ्यावी, तिचा निष्कर्ष जाहीर करावा, आणि चाचणी फसली तर तारीख पुढे न्यावी. पुलावरून गाड्या सोडण्याआधी वजनाची चाचणी घेतात, ती कुणाला कमीपणाची वाटत नाही. वेळा विभागून द्याव्यात, किंवा सोडतीचा मार्ग घ्यावा. माहितीची पाने हलकी, मराठीत आणि लॉगिनशिवाय दिसणारी असावीत. भार वाढल्यावर आधी काय बंद करायचे याची यादी कंत्राटदाराने नव्हे, तर आरोग्य विभागाने ठरवावी, कारण तो निर्णय वैद्यकीय आहे. नागरिकाला ‘त्रुटी ५०३’ न दाखवता ‘तुमचा अर्ज सुरक्षित आहे, वीस मिनिटांनी या’ असे सरळ सांगावे. आणि काहीही झाले तरी प्रत्येक डिजिटल दाराशेजारी एक साधे दार उघडे असावे. प्राथमिक आरोग्य केंद्राची खिडकी, आशा सेविकेची वही किंवा दूरध्वनीवरचा माणूस. हे दार मागासलेपणाचे लक्षण नाही. तोच भाराचा सर्वांत खात्रीचा निचरा आहे, कारण तिथून गेलेला प्रत्येक माणूस सर्व्हरवरची एक विनंती कमी करतो.

नागरिकांच्या वाट्यालाही थोडे येते. पान उघडत नसेल तर रिफ्रेशचा मारा केल्याने आपले काम लवकर होत नाही, सगळ्यांचेच लांबते. घरातील चार मोबाइल एकाच कामाला लावू नयेत. पण ही शिकवण लोकांना देण्याचा अधिकार त्याच प्रशासनाला आहे, ज्याने रांग दिसेल आणि आपला क्रमांक येईल याची खात्री दिली आहे. खात्री नसलेल्या रांगेत माणूस धक्काबुक्की करणारच.

सर्व्हर हे यंत्र आहे. त्याला किती पेलते हे मोजता येते, कधी किती येणार याचा अंदाज बांधता येतो, आणि पेलणार नाही तेव्हा कुणाला आधी आत घ्यायचे हे ठरवून ठेवता येते. हे मोजणे आणि ठरवणे न केल्यामुळे जे घडते त्याला ‘तांत्रिक अडचण’ म्हणणे ही पळवाट आहे. पुढची साथ कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. ती आली की लोक कुठल्या तरी दिवशी, कुठल्या तरी ठोक्याला पुन्हा मोबाइल हातात घेऊन बसतील, एवढे मात्र आजच सांगता येते. त्या दिवशी ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर चालणार नाही.